मशीनचं सोंग

"गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर आहे. जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझे मालक त्यांच्याकडे बघतच नव्हते. टेबलावर प्लास्टिकचा एक उघडझाप होणारा जबडा ठेवला होता, त्यावर त्यांची नजर. बाहेरच्या बाकावर येऊन बसलो तेव्हा ते पहिलं काय बोलले, तर त्या जबड्याची बिजागरी बघितलीस का, आपल्या सोंगाला तशीच बसवता येईल. मला इतका राग आला की मी उठून दोन माणसं सोडून पलीकडे जाऊन बसले.

हे मुद्दाम आधी सांगते. कॅन्सर कळला की घरातले एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात असं काही नसतं. आम्ही त्या दिवशी धड बोललोसुद्धा नाही. नाशिकच्या स्टँडवर जव्हारची एस्टी लागेपर्यंत मी रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसले आणि ते एका बाजूने, फुंकून फुंकून चहा पीत राहिले.

मालकांचं नाव काशिनाथ. आमचा पाडा जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या खाली. थोडं भात, थोडी नाचणी, आणि मी अंगणवाडीत सेविका. म्हणून मला लिहायची सवय आहे. घरी मी त्यांना 'तू'च म्हणायची, आमच्याकडे तसंच म्हणतात. इथे लिहिताना 'ते' लिहिते, एवढंच.

आमच्या भागात चैत्रात बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची मोठाली तोंडं लावून माणसं संबळ आणि पिपाणीच्या तालावर गावातून नाचत जातात. त्या तोंडांना आम्ही सोंग म्हणतो. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पूर्वीपासून ठरलेलं आहे. आमच्या घराकडे राक्षसीण. म्हणजे वर्षातून एकदा माझा मिशीवाला नवरा माझं लुगडं नेसायचा, आणि मी म्हणायची की माझ्यापेक्षा तुलाच ते शोभतं. ते सोंग नाचवायचे, तसेच बनवायचेही. मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवायचे आणि सोंग चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून धुरात वाळवायचं. आमच्या घरात ही कामं आजोबांपासून चालत आलेली.

आता दुखण्याचं सांगते. भातकापणीच्या वेळी त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. तिखट लागलं की आग व्हायची. मग तोंड उघडेना. आधी तीन बोटं आत जायची, मग दोन, मग भाकरी चहात भिजवल्याशिवाय चालेना. तंबाखू त्यांनी लहानपणापासून गालात धरलेली. मी अंगणवाडीतल्या आयांना तंबाखूवर भाषण देणारी, आणि माझ्याच घरात डबी चुलीशेजारी. भगताकडे गेलो, मोखाड्याला दाखवलं, तिथून नाशिकला पाठवलं. तिथे बायॉप्सी झाली. म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासतात. त्याचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. तुमच्या तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर कापणी टाकून जा. आम्ही कापणी उरकून गेलो.

ऑपरेशन सात तास चाललं. अर्धा जबडा आणि गाल काढला आणि छातीची कातडी फिरवून वर लावली. त्याला फ्लॅप म्हणतात. नाकातून पोटात नळी, त्यातून पातळ अन्न. पहिल्यांदा त्यांना बघितलं तेव्हा मी वॉर्डातून बाहेर गेले, पाणी प्यायले आणि परत आत आले. मला भीती वाटली होती. नवऱ्याच्या चेहऱ्याची भीती वाटली हे लिहायला लाज वाटते, पण तुमचंही तसंच होईल, म्हणून लिहिते. दोन दिवसांनी सवय होते.

गावी आल्यावर लोक बघायला आले ते ओटीच्या खालूनच. कोणी सांगितलं होतं की हा रोग श्वासाने लागतो. मालकांच्या चुलत भावाच्या घरून आलेला चहाचा कप परत नेताना त्या भावाने तो राखेने तीनदा घासला. हे सगळं मालक बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी तोंडावर टॉवेल बांधला तो काढला नाही, माझ्यासमोरसुद्धा.

फेब्रुवारीत रेडिएशन सुरू करायचं ठरलं. रेडिएशन म्हणजे मशीनमधून किरण सोडून उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारणं. तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. किरण रोज नेमक्या त्याच जागी लागावेत म्हणून मान आणि डोकं हलता कामा नये. त्यासाठी चेहऱ्याचा साचा करतात, त्याला तिथे मोल्ड म्हणतात. पांढरी जाळीदार शीट गरम पाण्यात बुडवली की मऊ पडते. ती चेहऱ्यावर ओढून बसवतात, आणि पाच मिनिटांत ती कडक होते.

त्या दिवशी मालक कित्येक महिन्यांनी खुश दिसले. मोल्ड करणाऱ्या टेक्निशियन बाईंना त्यांनी खुणेने शीट दाखवायला लावली, बोटांनी दाबून बघितली. बाहेर येऊन मला तोतरं तोतरं सांगितलं की आम्हाला चार दिवस लागतात, ह्यांनी चहा व्हायच्या आत सोंग काढलं.

पण रेडिएशन सुरू झालं त्या दिवशी ते सोंग तोंडावर ठेवून दोन्ही बाजूंनी टेबलाला खटके लावले. सगळे बाहेर गेले, जाड दरवाजा बंद झाला आणि ते आत एकटे राहिले. बोहाड्यात सोंग लावलेल्या माणसाला कधी एकटं सोडत नाहीत. घरचं कोणीतरी हात धरून पुढे चालतं, कारण आतून नीट दिसत नाही. आणि सोंग लावण्याआधी ते धुवायचं, नारळ द्यायचा, दिवा दाखवायचा, मगच ते डोक्यावर घ्यायचं. आमच्याकडे हे न करता कोणी सोंगाला हातसुद्धा लावत नाही. इथे रोज सकाळी नंबर आला की नाव पुकारायचे आणि फळीवरचं सोंग काढून तोंडावर दाबायचे. ते थरथरत बाहेर यायचे. मला वाटायचं अशक्तपणा असेल.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही नाशिकला राहत होतो त्या धर्मशाळेत त्यांनी पिशवी भरली. म्हणाले, "ता सोंग मी आता नाय घालायचा. नारळ नाय, दिवा नाय. कोनाचा सोंग हाय ता पन ठाव नाय." मी समजावलं, रागावले, हात जोडले. एकोणीस वेळा राहिल्या होत्या. मधेच सोडलं तर ऑपरेशनसुद्धा वाया जाईल, असं डॉक्टरबाईंनी बजावलेलं. मी शेवटी गावी फोन केला. सासू, म्हणजे आमची आये, म्हणाली, "न धुतलेला, न पुजलेला तोंडाला लावतात का कोन? घरी आन. आपून करू."

मला ते बरोबर वाटलं. खरं सांगते, मला त्यात काही चूक दिसलीच नाही. मी संध्याकाळी मोल्डच्या खोलीत गेले. फळीवर सगळ्यांचे साचे नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले. मी आमचा उचलला, साडीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि कोणालाही न विचारता बाहेर पडले.

शनिवारी घरात पूजा झाली. पाड्यातले संबळवाले आले, नारळ फोडला, आयेने साचा पाण्याने धुतला, कडेला कुंकू लावलं. मालक हात जोडून बसले होते. सोमवारी नाशिकला येतो म्हणाले. ते ऐकून मी मागच्या दाराला जाऊन रडले, कारण मला वाटलं की मी त्यांना वाचवलं. मग मी ओलं सोंग जिथे ठेवतात तिथे ठेवलं. चुलीच्या वरच्या फळीवर.

रविवारी सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला मोठा जाळ केला होता. मी फळीकडे बघितलं तेव्हा सोंगाचं नाक बसलं होतं आणि कपाळ खाली झुकलं होतं. गरम पाण्याने मऊ होणारी वस्तू मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तरी हात सवयीने चुलीकडे गेला.

सोमवारी मी ते हॉस्पिटलात टेबलावर ठेवलं. टेक्निशियन बाईंनी एकदा साच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाई आल्या आणि खूप रागावल्या. नवा मोल्ड, नवा सीटी स्कॅन, नवं मोजमाप, आठ दिवस जाणार. मधे खंड पडला की उरलेल्या पेशींना उसंत मिळते, असं त्या म्हणाल्या. नवा मोल्ड लगेच करून घेतला आणि आम्हाला आठ दिवसांनी यायला सांगितलं. आम्ही घरी आलो. त्या आठ दिवसांतलं मी तेव्हा एवढंच लक्षात ठेवलं की मी रोज कॅलेंडरवर एक फुली मारत होते.

परत गेलो तेव्हा टेक्निशियन बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की नेमकं झालं काय. मी सगळं सांगितलं, बोहाड्यापासून. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत? मी केलं असतं ना काहीतरी." आणि त्यांनी केलं. आत नारळ फोडता येत नव्हता, पण साच्याच्या कडेला बोटभर कुंकू लावू दिलं. आत छोटा स्पीकर असतो, त्यावर संबळ लावायचं कबूल केलं. मी पाड्यात निरोप दिला. ज्या चुलत भावाने कप राखेने घासला होता, त्यानेच संबळवाल्यांना जमवून मोबाइलवर वाजवणं रेकॉर्ड करून पाठवलं. मागे कुत्री भुंकत होती आणि आये कोणाला तरी ओरडत होती, तेही त्यात आलं. मालकांना ते ओरडणंच जास्त आवडलं. उरलेल्या एकोणीस वेळा ते त्या आवाजात झोपून राहिले आणि थरथरले नाहीत.

कॅन्सरच्या माणसाला औषध देतात, पण त्याला भीती कशाची वाटते हे विचारायला वेळ कोणाला नसतो, आणि आपणही सांगत नाही. आपल्याला वाटतं, ही अडाणी गोष्ट, डॉक्टर हसतील. मी तर शिकलेली, मला जास्तच लाज वाटली. विचारण्यापेक्षा चोरी करणं मला सोपं गेलं.

त्या चैत्रात आमची राक्षसीण चुलत भावाने नाचवली. मालक टॉवेल बांधून लांब बसले होते.

श्रावणात त्यांच्या मानेत गाठ आली. नाशिकला गेलो. डॉक्टरबाईंनी तपासलं, स्कॅन बघितला आणि मालकांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. कॅन्सर परत आलाय, आता तो बरा करता येणार नाही, दुखणं कमी ठेवता येईल. मी विचारलं, ते आठ दिवस? त्यांनी स्कॅन परत पाकिटात घातला. मग म्हणाल्या, "त्या आठ दिवसांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे झालं नाही, असंही मला सांगता येणार नाही."

मी हे मालकांना सांगितलं नाही. गाठ परत आली एवढं सांगितलं. आठ दिवसांचं वाक्य माझ्याकडेच ठेवलं, आणि ते मला आतून कुरतडत राहिलं. भाकरी थापताना, मुलांची वजनं घेताना, त्यांची जखम धुताना, ते वाक्य कुठेही यायचं. हा माणूस माझ्या चुकीमुळे चाललाय आणि माझ्याच हातून जखम धुऊन घेतोय, असं वाटून माझे हात थांबायचे. त्यांना न सांगताच ते गेले तर मी पुढे जगायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

जव्हारहून एक सिस्टर दर पंधरवड्याला घरी यायच्या. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. मॉर्फिन म्हणजे मोठ्या वेदनेवरची गोळी. लोक म्हणतात तिची चटक लागते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या, माणूस झोपतो तरी. सिस्टरनी ओटीवर टांगलेली सोंगं बघितली आणि विचारलं की अजून बनवता का. मालकांनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या की माझ्या आणखी तीन-चार पेशंटना बाजाराच्या दिवशी इथे आणू का, बसून काहीतरी करतील, घरात नुसतं भिंतीकडे बघत असतात.

पहिल्या दिवशी दोघं आले. शिरपामाळच्या खालच्या पाड्यातली हिरीबाई, तिचा एक स्तन काढलेला, केस गेलेले. आणि एक म्हातारे गुरुजी, त्यांच्या अन्ननळीला गाठ. मालकांनी त्यांच्यापुढे भिजवलेला कागद ठेवला आणि चिकटवायला दाखवलं. हॉस्पिटलाने शेवटी दिलेलं मशीनचं सोंग त्यांनी साचा म्हणून मधे ठेवलं होतं. त्यामुळे सगळ्यांची सोंगं सारखीच निघायला लागली. सगळी आमच्या मालकांसारखी. हिरीबाई म्हणाली, माझ्या घरात एक नवरा पुरे आहे, हा दुसरा कशाला? सगळे हसले. मालक हसायला गेले, टॉवेल सुटला, आणि त्यांनी तो परत बांधला नाही. हात खळीने माखलेले होते.

त्या ओटीवर कोणी बरं झालं नाही, हे स्पष्ट सांगते. गुरुजी तिसऱ्या बाजाराला आले नाहीत, त्यांचं सोंग अर्धंच राहिलं. पण पाड्यातल्या बायका आधी लांबून बघत, मग कागद फाडून द्यायला बसू लागल्या. कोणी आंबील करून आणायची. एकदा चुलत भाऊ आला आणि मालकांच्याच भांड्यातलं पाणी प्यायला. मी ते बघितलं, मालकांनीही बघितलं.

नवरात्रात एका दुपारी आम्ही दोघंच ओटीवर होतो. ते थर चढवत होते, मी कागद फाडून देत होते. माझ्या तोंडून ते निघालं. डॉक्टरबाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सोंग मी चोरलं, फळीवर मी ठेवलं, ते आठ दिवस मी घालवले, आणि श्रावणापासून हे तुझ्यापासून लपवलं. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्यांनी हातातला तुकडा चिकटवला. अंगठ्याने त्यातली हवा काढली. मग दुसरा घेतला.

मग ते म्हणाले. शब्द फुटत नव्हते, त्यांना दोनदा सांगावं लागलं. "ते आठ दिस मी घरी व्हतो. तुज्याकून चुकला म्हनून व्हतो. त्याच्यामागून बरा दिस कंचा आला, सांग."

मी विचार करत बसले आणि खरंच मला एकही आठवला नाही.

दिवाळी झाल्यावर ते गेले. घरीच, आये उशाशी, दुखणं फार नव्हतं. बाजाराच्या दिवशी ओटीवर अजून माणसं येतात. हिरीबाई येते, तिचे केस परत आलेत. नवा कोणी आला की मी माझी चूक सांगते. लपवत नाही. हॉस्पिटलात काही मनाला पटलं नाही तर तिथल्या माणसाला विचारा, हसू दे हसला तर. दोन जण उपचार मधे सोडून आले होते, ते ऐकून परत गेले. मीच त्यांच्याबरोबर गेले, आणि टेक्निशियन बाईंनी कुंकवासाठी जागा करून दिली. त्यांचे, डॉक्टरबाईंचे, सिस्टरचे उपकार आहेत.

मी स्वतःला माफ केलं का, असं सिस्टरनी विचारलं. नाही केलं. पण कॅलेंडरवर नुसत्या फुल्या असलेले ते दिवस मी आता आठवून आठवून लिहून काढते आहे. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीभर आंबील नळीशिवाय, तोंडाने घेतली. दुसऱ्या दिवशी तोंडातले फोड बसले आणि ते आयेशी भांडले. तिसऱ्या दिवशी तिच्याच पायातला काटा काढला. चौथ्या दिवशी संबळाची सुटलेली वादी आवळून दिली. पाचवा दिवस सगळा झोपले. सहाव्या दिवशी मला म्हणाले, वेणी नीट घाल, कोण मेलंय? सातव्या दिवशी आम्ही दोघांनी मोहाची फुलं वेचली, त्यांची टोपली माझ्याहून जास्त भरली. आठव्या दिवशी ते माझ्याआधी तयार होऊन रस्त्याला जाऊन उभे राहिले, आणि एस्टीत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं.